मोठ्या माणसांचा रुमॅटिक ताप

दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, फोर्ट वॉरन नावाच्या लष्करी तळावर, घसादुखीने आजारी पडलेल्या सैनिकांवर एक अभ्यास झाला. चार्ल्स रॅमेलकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग झालेल्या सुमारे आठशे जणांना पेनिसिलिन दिलं आणि जवळजवळ तितक्याच जणांना दिलं नाही. १९५० साली निष्कर्ष छापून आले. पेनिसिलिन न मिळालेल्यांपैकी १७ जणांना पुढच्या काही आठवड्यांत रुमॅटिक ताप आला, मिळालेल्यांपैकी फक्त दोघांना. घसा दुखायला लागून आठ-नऊ दिवस उलटले असले तरी औषधाचा उपयोग होतो, हेही पुढे याच तळावरच्या कामातून कळलं. जगभरचे बालरोगतज्ज्ञ आज ज्या भरवशावर मुलांच्या घशासाठी पेनिसिलिन लिहून देतात, तो भरवसा अशा धडधाकट तरुण पुरुषांकडून मिळालेला आहे. तरीही 'रुमॅटिक ताप हा मुलांचा आजार' ही समजूत इतकी पक्की बसली आहे की पंचविशीतला माणूस सुजलेले सांधे आणि ताप घेऊन दवाखान्यात आला तर या आजाराचं नाव शेवटी आठवतं, किंवा आठवतच नाही.

समजुतीला आधार आहे, हे मान्य करायला हवं. पहिला झटका बहुधा ५ ते १५ या वयात येतो आणि पस्तिशीनंतर तो क्वचितच पाहायला मिळतो. पण पंधरा ते पस्तीस या पट्ट्यात तो येतो, आणि लहानपणी एकदा होऊन गेलेल्या माणसाला चाळिशीपर्यंत पुन्हा गाठू शकतो. १९८०च्या दशकात, अमेरिकेतून हा आजार जवळपास हद्दपार झाला असं वाटत असताना, सॅन दिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात आणि मिझुरीतल्या फोर्ट लिओनार्ड वुडमध्ये नव्या भरतीच्या जवानांत तो पुन्हा उफाळला होता. दाटीने राहणारी माणसं आणि त्यांच्यात फिरणारा जंतू एवढं जुळून आलं की तरुणपणाचं कवच पुरत नाही.

आपल्याकडे यात एक अडचण आणखी आहे. प्रौढांच्या बाबतीत दोन उलट्या चुका एकाच वेळी चालू असतात. खरा रुमॅटिक ताप 'व्हायरल' किंवा 'वात' म्हणून निसटतो, आणि ज्यांना तो कधीच झालेला नाही अशा माणसांना रक्ताच्या एका तपासणीच्या जोरावर वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात. या दोन्ही चुका एकाच कारणातून होतात असं मला वाटतं. या तापाचं निदान म्हणजे समोरच्या दुखण्याला दिलेलं नाव, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते त्या माणसाच्या पुढच्या पाच-दहा वर्षांबद्दलचा, कधी आयुष्यभराचा, निर्णय असतं. ताप आणि सांध्यांची सूज तर औषधाशिवायही काही आठवड्यांत ओसरते. निर्णय घ्यायचा असतो तो हृदयाच्या झडपेबद्दल.

आजार कसा घडतो ते थोडक्यात पाहू. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस हा जंतू घशात शिरतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं आणि पेशी तयार करतं. जंतूच्या अंगावरच्या काही प्रथिनांची घडण हृदयाच्या स्नायूतल्या आणि झडपांमधल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असते, त्यामुळे हे सैन्य आपल्याच ऊतींवर चालून जातं. याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर घसा बरा झालेला असतो आणि बऱ्याच जणांना तो दुखल्याचं आठवतही नाही. मोठ्या माणसाने किरकोळ घसादुखी लक्षात ठेवावी अशी अपेक्षाच करता येत नाही. म्हणून 'घसा दुखला होता का?' याला आलेल्या 'नाही' या उत्तरावर संशय सोडून देता येत नाही.

प्रौढांत हा आजार मुख्यतः सांध्यांतून बोलतो. गुडघे, घोटे, मनगटं, कोपरं असे मोठे सांधे धरतात. आधी उजवा घोटा लाल आणि गरम होतो. सूज बेताचीच दिसते, पण वेदना इतकी की अंगावरच्या चादरीचा स्पर्श सोसवत नाही. दोन-तीन दिवसांत तो घोटा निवळू लागतो आणि डावा गुडघा धरतो, मग मनगट. आधीच्या सांध्यात मागे काहीच उरत नाही, बोटं वाकडी होत नाहीत, सांधा झिजत नाही. या फिरत्या दुखण्याचा क्रम हीच निदानाची सगळ्यात मोलाची खूण. मुलांच्या मानाने प्रौढांच्या पहिल्या झटक्यात हृदयाला सूज येण्याचं प्रमाण कमी असतं, आणि हातापायांच्या अनावर हालचालींचा कोरिया तर फारच क्वचित दिसतो. कातडीवरची वलयं आणि कातडीखालच्या गाठीही विरळाच. त्यामुळे डॉक्टरच्या हाती उरतात ते सांधे, ताप आणि रक्ताचे काही आकडे. यांतला एकही पुरावा फक्त या आजाराचा नाही.

निदानाची चौकट १९४४ साली टी. डकेट जोन्स या अमेरिकन डॉक्टरने घालून दिली. तिच्या पुढे सुधारलेल्या रूपात हृदयाची सूज, सांध्यांची सूज, कोरिया, वलयं आणि गाठी ही मुख्य लक्षणं. ताप, नुसती सांधेदुखी, रक्तातले सूज दाखवणारे ईएसआर किंवा सीआरपी हे आकडे वाढलेले असणं आणि ईसीजीवर लांबलेलं पीआर अंतर ही दुय्यम. दोन मुख्य, किंवा एक मुख्य आणि दोन दुय्यम लक्षणं हवीत. शिवाय स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग नुकताच होऊन गेल्याचा पुरावा हवा. २०१५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने या चौकटीत मोठे बदल केले. स्टेथोस्कोपला ऐकू न येणारी झडपेची गळती इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, दिसली तरी ती हृदयाची सूज म्हणून धरायची असं ठरलं. आणि ज्या भागांत हा आजार अजून भरपूर आहे तिथे निकष सैल केले: एकच सांधा सुजला, किंवा सूज नसताना अनेक सांधे नुसते दुखले, तरी ते मुख्य लक्षण मानता येईल, ताप ३८ अंश सेल्सिअस आणि ईएसआर ३० पुरेल. भारत याच गटात येतो.

मुलांसाठी हे बदल योग्यच होते. गावातल्या शाळकरी मुलीचा आजार निसटू नये म्हणून जाळं बारीक विणावं लागतं. प्रौढांना मात्र हेच जाळं जसंच्या तसं लावलं तर नको ते सगळं त्यात अडकेल. पावसाळ्यात महाराष्ट्रात ताप आणि अनेक सांध्यांचं दुखणं घेऊन येणाऱ्या तरुणांत चिकुनगुन्याचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापैकी अनेकांचा सीआरपी वाढलेला सापडेल, आणि कुणाच्या घशात महिन्याभरापूर्वी योगायोगाने जंतू येऊन गेलेला असेल तर कागदावर निकष पुरे होतील. म्हणून सुधारित निकषांत एक अट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये: नुसती सांधेदुखी मुख्य लक्षण धरायची ती बाकीची कारणं तपासून बाजूला ठेवल्यावरच. प्रौढांत ही कारणं पुष्कळ आहेत. चिकुनगुन्या हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरतो आणि फिरत नाही, ठाण मांडून बसतो. आमवातही बोटांच्या लहान सांध्यांचा, आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. तरुण स्त्रीच्या चेहऱ्यावर चट्टे, तोंडात व्रण, लघवीतून प्रथिनं जात असतील तर ल्युपस शोधावा लागतो. एकच सांधा तट्ट सुजला असेल तर त्यात पू नाही ना, हे सुईने पाणी काढून पाहावं लागतं. गनोरियामुळेही सांधे फिरते दुखतात, आणि लैंगिक संबंधांबद्दलचा प्रश्न विचारायला संकोच करून चालत नाही.

पण सगळ्यात घातक गल्लत होते ती झडपेवर जंतू बसून होणाऱ्या एन्डोकार्डायटिसशी. ताप, सांधेदुखी आणि हृदयात ऐकू येणारा आवाज ही तिन्ही लक्षणं दोन्ही आजारांत असतात, आणि ज्याची झडप रुमॅटिक तापाने आधीच खराब झाली आहे त्यालाच एन्डोकार्डायटिसचा धोका जास्त असतो. एकाचा उपचार सूज उतरवण्याचा, दुसऱ्याचा कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देण्याचा. गफलत होऊन स्टेरॉइड दिलं तर जंतूला मोकळं रान मिळतं. म्हणून ताप आणि हृदयाचा आवाज अशी जोडी असलेल्या प्रौढाला अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी रक्त घेणं टाळू नये, मग दवाखाना मोठा असो वा लहान.

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या त्या रक्ताच्या तपासणीकडे येऊ. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या एका विषाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं. ती वाढलेली असली तर एवढंच कळतं की जंतू कधीतरी अलीकडे येऊन गेला. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांत आकडा शिगेला पोहोचतो आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू उतरतो. ज्या समाजात हा जंतू सतत फिरत असतो तिथे धडधाकट माणसांतही तो वाढलेला सापडतो. उलट बाजूने, खऱ्या रुमॅटिक तापाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांत एएसओ वाढलेला नसतो; तिथे अँटी-डीएनेज बी ही दुसरी तपासणी कामी येते. एका आकड्यापेक्षा दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जास्त सांगतात, कारण चढता आलेख ताज्या संसर्गाचा असतो. तरीही गुडघे दुखणाऱ्या चाळिशीतल्या बाईला 'एएसओ ४०० आहे' म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन सुरू झाल्याची उदाहरणं डॉक्टरमंडळींना नवी नाहीत. तिच्या गुडघ्यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि आपल्या हृदयाला आजार आहे ही भीती तिच्या मनात विनाकारण घर करून बसते.

खरा आजार निसटण्यामागे मात्र आपल्या वेदनाशामकांचा हात मोठा आहे. पहिला सांधा सुजला की त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं किंवा औषधाच्या दुकानातून गोळी. दुखणं थांबतं, आणि सांध्यामागून सांधा धरण्याचा क्रमही तिथेच तुटतो. मग एका घोट्याच्या सुजेशिवाय दाखवायला काही उरत नाही. म्हणून संशय असेल तर निदान पक्कं होईपर्यंत सूज उतरवणारी औषधं थांबवून पॅरासिटामॉलवर भागवावं, असं ऑस्ट्रेलियाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथल्या आदिवासी समाजात हा आजार फार असल्याने त्यांचा अनुभव दांडगा आहे. यावर आक्षेप येईल की तडफडणाऱ्या माणसाला दोन-तीन दिवस पुरेसं औषध न देणं निर्दयपणाचं आहे. आक्षेप खोटा नाही. पण वेदना तशीच सोसायला कुणी सांगत नाही. पॅरासिटामॉल, सांध्याला आधार आणि गरज पडली तर ट्रॅमाडॉलसारखं औषध देता येतं. शिवाय डेंगीच्या दिवसांत, डेंगी नाही हे कळण्याआधी डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देणं रक्तस्रावाच्या धोक्यामुळे तसंही चुकीचंच. दोन दिवसांच्या संयमाने पुढची दहा वर्षं ठरत असतील तर तो संयम रुग्णाच्या हिताचा आहे, आणि तसं त्याला नीट समजावून सांगितलं तर बहुतेक माणसं ऐकतात.

क्रम दिसला, तपासण्या झाल्या, की अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. प्रौढाला दिवसाला चार ग्रॅम किंवा अधिक, भागून, डॉक्टरच्या देखरेखीखाली. काही ठिकाणी नॅप्रोक्सेन वापरतात. रुमॅटिक तापाचे सांधे याला एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, आश्चर्य वाटावं इतका प्रतिसाद देतात. नाही दिला तर निदानाचा फेरविचार करावा. याच वेळी घशात उरलेला जंतू मारण्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन किंवा दहा दिवस गोळ्या देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं दुसरं औषध. हृदयाला जोरदार सूज येऊन दम लागत असेल तर प्रेडनिसोलोन आणि लघवी वाढवणारी औषधं लागतात. मात्र या औषधांकडून झडप वाचण्याची अपेक्षा ठेवू नये. १९५५ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संयुक्त चाचणीत कॉर्टिझोन, एसीटीएच आणि अ‍ॅस्पिरिन यांच्यात हृदयाच्या अंतिम स्थितीच्या दृष्टीने फरक आढळला नाही, आणि त्यानंतरच्या अभ्यासांनीही हे चित्र फारसं बदललेलं नाही.

प्रौढाच्या इकोला एक जास्तीचं महत्त्व असतं. पंचविशीतल्या माणसाचा 'पहिला' झटका पुष्कळदा पहिला नसतो. भारतात रुमॅटिक तापाने झडप लवकर आकसते. १९६३ साली दिल्लीच्या एस. बी. रॉय आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या आतल्या रुग्णांत मायट्रल झडप तीव्र अरुंद झाल्याचं दाखवून दिलं होतं. त्यामुळे आजच्या इकोवर झडपेचे पडदे जाड झालेले, कडांना चिकटलेले दिसले तर लहानपणी एखादा झटका कुणाच्या लक्षात न येता होऊन गेला, असा त्याचा अर्थ. नव्या सुजेने झडप गळते, पण चिकटण्यासाठी वर्षं जावी लागतात. हे दिसलं की हिशेबच बदलतो. पुन्हा आलेल्या झटक्याचं निदान तीन दुय्यम लक्षणांवर, संसर्गाच्या पुराव्यासह, करता येतं आणि औषधाची मुदतही वाढते. सांधे धरलेल्या प्रत्येक संशयित प्रौढाचा इको करावा असा आग्रह त्यासाठीच आहे, आवाज ऐकू आला नाही तरीही.

आणि मग येतं ते खरं औषध. बारा लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिन, दर तीन किंवा चार आठवड्यांनी, कुल्ल्यात खोल. पेनिड्युअर या नावाने ते आपल्याकडे ठाऊक आहे. पांढरी पूड पाण्यात मिसळून जोरात हलवावी लागते, सुई जाड घ्यावी लागते, आणि टोचताना हात रेंगाळला तर दाट औषध सुईत अडकतं. दुसऱ्या दिवशी लंगडत चालावं लागतं. हे कशासाठी? ज्याला एकदा रुमॅटिक ताप आला त्याला पुढच्या घसादुखीनंतर तो पुन्हा येण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पटींनी जास्त असते, आणि प्रत्येक झटका झडपेची आणखी हानी करतो. युगांडात झालेल्या आणि २०२१-२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इकोवरच दिसणारा सुप्त आजार असलेल्या ८१८ मुलांपैकी निम्म्यांना हे इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला, घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के. ही मुलं होती, प्रौढ नव्हते, आणि वयाबरोबर व मागच्या झटक्यापासून सरलेल्या काळाबरोबर धोका उतरतो हे खरं. म्हणूनच मुदत ठरवून दिली आहे: हृदयाला धक्का नसेल तर पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, सूज येऊन झडप सुधारली असेल तर दहा वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, झडप बिघडलेली राहिली असेल तर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल ते. तिसाव्या वर्षी पहिला झटका आला आणि हृदय निरोगी असेल तर पस्तिसाव्या वर्षी थांबता येतं.

इंजेक्शनला नकार मिळतो तो रिअ‍ॅक्शनच्या भीतीने, आणि अनेक दवाखानेही त्याच भीतीने ते टोचत नाहीत. अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांवरच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२,४३० इंजेक्शनांत तीव्र अ‍ॅलर्जीचे चार प्रसंग घडले आणि एक मृत्यू झाला. शून्य नाही, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी हवंच. पण २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार रुमॅटिक हृदयरोगाने त्या एका वर्षात सुमारे ३ लाख १९ हजार मृत्यू झाले आणि त्यांत सर्वाधिक वाटा भारताचा होता. या दोन आकड्यांत तुलना करायची तर भीती कशाची बाळगावी हे उघड आहे. एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ज्यांच्या झडपा फार बिघडल्या आहेत आणि हृदय थकलं आहे, अशांना इंजेक्शननंतर अ‍ॅलर्जी नसतानाही अचानक रक्तदाब कोसळून धोका होऊ शकतो. २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशांना रोज तोंडाने पेनिसिलिन द्यावं असं सुचवलं आहे.

'शंका आहे ना, मग सगळ्यांनाच देऊन टाका' हा सल्ला वरवर सुरक्षित वाटतो. पण ज्याला आजार नाही तो दोन-तीन इंजेक्शनांनंतर येणं सोडतो, आणि त्याच रांगेत बसलेल्या खऱ्या रुग्णालाही वाटतं की सोडून चालतं. बेन्झाथिन पेनिसिलिनचा तुटवडाही अनेकदा पडतो. घसादुखीनंतर दहा दिवसांच्या आतच सांधे धरले, ते फिरले नाहीत आणि अ‍ॅस्पिरिनला दबले नाहीत, तर तो जंतूमुळे होणारा वेगळा संधिदाह असू शकतो; तिथे वर्षभर औषध देऊन इकोवर लक्ष ठेवायचं आणि हृदय स्वच्छ राहिलं तर थांबायचं, हा मधला मार्ग मान्य आहे. शंका असतानाही फेरतपासणीची तारीख ठरवता येते. केसपेपरवर 'एएसओ पॉझिटिव्ह' एवढंच लिहिण्याऐवजी कुठला सांधा कधी धरला, अ‍ॅस्पिरिनला किती दिवसांत उतरला, इकोवर काय दिसलं, औषध कधीपर्यंत, हे लिहिलं तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही निर्णय पुढे नेता येतो. प्रौढ माणसं कामासाठी गाव सोडतात, लग्न होऊन सासरी जातात, आणि पुष्कळदा इंजेक्शनांची साखळी नेमकी तिथे तुटते.

स्त्रियांच्या बाबतीत ही साखळी तुटणं महागात पडतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण तीस ते पन्नास टक्के वाढतं आणि अरुंद झडपेला तो भार पेलत नाही. कित्येकींना आपल्याला झडपेचा आजार आहे हे पाचव्या-सहाव्या महिन्यात दम लागल्यावरच कळतं. पेनिसिलिन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालू ठेवता येतं, ते थांबवण्याचं कारण नाही. चाळिशीची रेषाही सगळ्यांना सारखी लावायची नसते. स्ट्रेप्टोकोकस मुलांच्या घशातून सगळ्यात जास्त पसरतो, त्यामुळे झडप बिघडलेली अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षिका किंवा बालरोग वॉर्डातली परिचारिका चाळीस ओलांडल्यावरही रोज त्या जंतूच्या संगतीत असते. तिचं इंजेक्शन बंद करण्याआधी डॉक्टरने वयाबरोबर तिचं काम विचारावं, आणि ते काम चालू असेल तर औषधही चालू ठेवावं.